बारा वर्षांच्या लुईचा राज्याभिषेक एवढ्या घाईत का उरकला?

पानगळ:
मंडळी, सध्या मध्ययुगीन फ्रान्सबद्दल वाचतेय आणि एका गोष्टीवर अडकलेय. लुई आठवा ८ नोव्हेंबर १२२६ ला वारला आणि २९ नोव्हेंबरला त्याच्या मुलाचा, म्हणजे लुई नवव्याचा (पुढे संत लुई झाला तो), रँस शहरात राज्याभिषेक झालासुद्धा. मोजून तीन आठवडे! पोरगा बारा वर्षांचा, बाप दक्षिणेतल्या मोहिमेवरून परतताना वाटेतच हगवणीने गेलेला, त्यात ज्याच्या हातून अभिषेक व्हायचा तो रँसचा आर्चबिशपही त्याच सुमाराला वारलेला. एवढं सगळं असताना थोडं थांबून, सगळ्या सरदारांना नीट बोलावून का नाही केला? आणि आर्चबिशप नसताना झालेला अभिषेक लोकांनी मानला कसा?

घाटवाट:
चांगला प्रश्न. आधी हे लक्षात घ्या की त्या काळी फ्रान्समध्ये बाप गेला की मुलगा आपोआप पूर्ण राजा झाला असं पक्कं नव्हतं, अभिषेकाचं पवित्र तेल लागलं की राजा. म्हणून तर जुने कापे घराण्यातले राजे स्वतः जिवंत असतानाच मुलाला अभिषेक करून ठेवायचे, लुई आठव्याचा बाप फिलिप ऑगस्टस याचाही ११७९ ला असाच झाला. लुई आठव्याचा मात्र बाप असताना अभिषेक झाला नव्हता, त्याला १२२३ मध्ये बाप गेल्यावर मुकुट मिळाला, पण तो तेव्हा पस्तिशीचा लढवय्या माणूस होता. इथे बारा वर्षांचं पोर. मरताना लुई आठव्याने जवळच्या सरदारांकडून शपथ घेतली होती की माझ्या मुलाला लवकरात लवकर अभिषेक करा.

आर्चबिशपचं म्हणाल तर स्वासोंच्या बिशपने अभिषेक केला. रँसच्या हाताखालच्या बिशपांत त्याचा मान पहिला, त्यामुळे तो कोणी उपटसुंभ नव्हता. तेलही तेच, सेंट रेमीच्या मठात ठेवलेल्या कुपीतलं, जी फ्रँकांचा पहिला ख्रिस्ती राजा क्लोव्हिस याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कबुतराने स्वर्गातून आणली अशी श्रद्धा होती. कुपी आणि रँस दोन्ही असल्यावर कोण बोलणार. आणि हो, जाताना वाटेत स्वासोंला लुईला नाइट केलं, कारण नाइट नसलेल्या पोराला राजा कसं करणार, आपल्याकडे आधी मुंज लावावी तसंच.

निरंजन_वाचतो:
घाटवाट यांच्याशी सहमत, पण माझ्या मते खरी गोष्ट तेलापेक्षा त्याच्या आईत आहे. कास्तीलची ब्लांश. या बाईने अशी घाई आधी एकदा पाहिली होती, आणि तीही विरुद्ध बाजूने! १२१६ मध्ये तिचा नवरा, तेव्हा नुसता राजपुत्र, इंग्लंडची गादी घ्यायला गेला होता, लंडन त्याच्याच ताब्यात होतं. तिकडे इंग्लंडचा जॉन राजा मेला आणि त्याच्या लोकांनी लगेच त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला, हेन्रीला, ग्लॉस्टरला नेऊन अभिषेक करून टाकला, अभिषेकाची नेहमीची जागा वेस्टमिन्स्टर हाताशी नाही, कँटरबरीचा आर्चबिशप नाही, मुकुटाच्या जागी साधं सोन्याचं कडं. पण एकदा ते पोर राजा झाल्यावर जॉनवर चिडलेले सरदार एकेक करून त्याच्याकडे परत यायला लागले, कारण भांडण बापाशी होतं, पोराशी कशाला असेल. ब्लांशने इकडून नवऱ्यासाठी माणसं आणि जहाजं गोळा करून पाठवली, १२१७ मध्ये ते आरमारही सँडविचजवळ हरलं, आणि नवरा गादीविनाच परत आला.

आता दहा वर्षांनी तीच वेळ तिच्या मुलावर. मला तर खात्रीच वाटते की तिला ग्लॉस्टर आठवलं असणार. आधी मुकुट, बाकी रुसवेफुगवे नंतर.

आणि रुसवे होतेच. ब्रिटनीचा सरदार पिएर मोक्लेर्क अभिषेकाला आला नाही, लुझिन्याँचा ह्यू आला नाही. शांपेनच्या तिबोला तर तिनेच रँसमध्ये येऊ दिलं नाही, कारण तो त्याच दक्षिणेतल्या मोहिमेत आव्हिन्यॉनच्या वेढ्यातून, सरदाराने राजाला द्यायची चाळीस दिवसांची चाकरी संपली म्हणून निघून गेला होता आणि राजाला त्यानेच विष दिलं अशी कुजबूज होती (विषाचं मला पटत नाही, छावणीत साथच होती). समारंभात राजाची तलवार कोणी धरायची यावरून फ्लँडर्स आणि शांपेनच्या काउंटेस भांडल्या, शेवटी ती पोराच्या काकाच्या, फिलिप हुरेपेलच्या हातात दिली. फ्लँडर्सच्या बाईचा नवरा १२१४ च्या बूव्हीनच्या लढाईपासून फ्रान्सच्या कैदेत होता, त्याला ब्लांशने जानेवारी १२२७ मध्ये सोडलं. बघा किती पटापट गाठी सोडवत होती.

पानगळ:
बापरे, ग्लॉस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं, मी दोन्ही राजे वेगवेगळे वाचत होते. खूप आभार. म्हणजे थांबली असती तर हेच मोक्लेर्क वगैरे लोक "आधी आमच्या मागण्या, मग अभिषेक" म्हणत बसले असते ना?

घाटवाट:
अगदी तेच. तरी बंड झालंच, पण ते आता अभिषिक्त राजाविरुद्ध होतं, हा फरक फार मोठा.

एक राहिलं. तो दिवस अ‍ॅडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या उपासनाकाळाचा, पहिला रविवार होता, त्या दिवशीची प्रार्थना "मी माझा आत्मा तुझ्याकडे उचलतो" अशी सुरू होते. रँसचं कॅथेड्रलही अर्धवटच होतं, आगीनंतर १२११ ला काम सुरू झालं होतं ते चालूच होतं. अर्धवट बांधलेल्या देवळात, वडील जाऊन तीन आठवडे झालेलं ते पोर हे ऐकत उभं आहे, हे डोळ्यासमोर आणलं की मला अजून भरून येतं. नंतर बंडखोर सरदारांच्या भीतीने मायलेक पॅरिसजवळच्या माँलेरीला अडकले तेव्हा पॅरिसचे लोक हत्यारं घेऊन त्यांना न्यायला आले, आणि तिथपासून पॅरिसपर्यंत रस्ताभर माणसं उभी राहून देवाकडे त्याच्यासाठी आयुष्य मागत होती, हे लुईनेच पुढे आपल्या सोबत्याला, ज्वाँव्हीलला, सांगितलंय.