फोन ते कॉम्प्युटर, वायफायवरून: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या आठवड्यात आईच्या फोनमधले साडेतीन हजार फोटो लॅपटॉपवर घ्यायला बसलो. केबल लावली की चार्जिंग सुरू, पण फोन दिसेना. दिसला तर कॉपी अर्ध्यात थांबे. शेवटी दोन्हीकडे लोकलसेंड (एकाच वायफायवरच्या उपकरणांत फाइल पाठवणारं अॅप) टाकलं आणि जेवणं उरकेपर्यंत सगळे फोटो उतरले. नेट तेव्हा गेलेलं होतं, तरी काम झालं. फाइल घरातल्या राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळते. तुम्ही काय वापरता, कुठे अडलात?

———

मीही लोकलसेंडच. माझ्या विंडोजवर फोन यादीत येतच नव्हता, दोन दिवस त्यात गेले. घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं होतं, म्हणून फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत) काही आत घेईना. ‘प्रायव्हेट’ केलं आणि लगेच दिसला. तरी अडलं तर लोकलसेंड ज्या दारातून ये-जा करतं ते पोर्ट ५३३१७ फायरवॉलमध्ये उघडं आहे का तपासा.

———

हॉस्टेलच्या वायफायवर नाद सोडा. तिथे बहुधा क्लायंट आयसोलेशन लावलेलं असतं, नेट मिळतं पण शेजारचं उपकरण दिसत नाही. मी फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडते, मोबाइल डेटा बंद. डेटा खर्चच होत नाही.

———

सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रीकरण फोनवर केलं होतं, १८ जीबी. पहिल्यांदा पाठवायला घेतलं तेव्हा सेकंदाला जेमतेम ४ एमबी, म्हणजे सव्वा तास. मध्येच फोनची स्क्रीन बंद झाली, बॅटरी सेव्हरने अॅप झोपवलं आणि परत पहिल्यापासून! मग पाहिलं तर फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या संथ पट्ट्यावर होता. ५ गिगाहर्ट्झवर घेतला, राउटरच्या खोलीतच बसलो, बॅटरी सेव्हर काढला. वेग ३५ एमबीवर गेला आणि नऊ मिनिटांच्या आत सगळं लॅपटॉपवर. सासूबाईंनी औक्षणाचा भाग त्याच संध्याकाळी तीनदा पाहिला. (पुढे पेन ड्राइव्हवर घेताना मोठी फाइल जाईना. तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.)

———

जून २०२० मध्ये शेअरइट आणि झेंडर या फाइल पाठवायच्या अॅप्सवर बंदी आली तेव्हापासून लॅपटॉपवरून फोनवर फाइल घ्यायला मी पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) वापरतो. लॅपटॉपवर त्या फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून पायथनचा एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे फोल्डर ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू करायचा, फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.७:८००० असा आपल्या लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. फोनवर काहीच टाकावं लागत नाही. पण त्याला पासवर्ड नसतो, त्या वायफायवरचं कुणीही फोल्डर उघडू शकतं. काम झालं की लगेच बंद करा.

———

व्हॉट्सअॅपवरून फोटो स्वतःलाच पाठवणाऱ्यांना कळकळीची विनंती, नका करू. फोटो दाबून लहान केला जातो आणि कधी काढला ती आतली नोंदही पुसली जाते. आमच्या बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो असे गेले. मूळ फाइलच न्या.

———

आयफोनवर लॅपटॉप दिसतच नाहीये, काय करू?

———

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्क आहे, तिथे लोकलसेंडला परवानगी द्या. पाठवताना अॅप समोर उघडंच ठेवा.

———

दिसला! लेकीच्या बारशाचे फोटो चाललेत आता.