ट्रम्पेट सपाट वाजतोय? सीसी १ कडे बघा
कॉम्प्युटरवर सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचातून, ट्रम्पेट वाजवताना एक्स्प्रेशन, म्हणजे सीसी ११ (सीसी म्हणजे मिडीमधले क्रमांक दिलेले कंट्रोल), वरखाली करूनही तो निर्जीवच वाटतो, असं तुम्ही म्हणताय. वाटणारच. बहुतेक लायब्रऱ्यांत सीसी ११ नुसता आवाज लहानमोठा करतो. खऱ्या ट्रम्पेटमध्ये जोर वाढला की सूर झळाळतो, धारदार होतो. तो बदल सहसा सीसी १ वर, म्हणजे कीबोर्डवरच्या मॉड व्हील या चाकावर ठेवलेला असतो. माउसने स्क्रीनवर सीसीची रेषा ओढत बसू नका, वाजवतानाच व्हील फिरवा. लांब सुराला सीसी १ (० ते १२७ पैकी) ४० च्या आसपास सुरू करून ९० पर्यंत चढवा, सोडण्याआधी किंचित उतरवा. परवडत असेल तर ब्रेथ कंट्रोलर, म्हणजे फुंकरीने सीसी चालवणारं उपकरण, घ्याच! यामाहाच्या डीएक्स ७ या सिंथेसायझरवर १९८३ मध्येच त्याची सोय होती. स्वतः फुंकलं की वादकाला श्वास कुठे घ्यावा लागतो ते आपसूक कळतं. व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचा कंप, मात्र सूर स्थिरावल्यावरच.