मराठी उपासनेत पेटी-तबला की ड्रम-गिटार: निवड कशाच्या आधारे करावी?

प्रश्न (पुणे)

आमची मंडळी (चर्चमधील भाविकांचा समुदाय) चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चची असून रविवारची उपासना आजही ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या आधारे होते. अलीकडे आरंभीची स्तुती-आराधना युवक संघाकडे सोपवली आहे. त्यामुळे गिटार, कीबोर्ड आणि ड्रम आले, शब्द पडद्यावर दिसू लागले आणि बहुतेक गीते हिंदी झाली. मला स्वतःला पेटी-तबल्यावरची संथ भजने भावतात, तर माझी मुलगी म्हणते की नव्या गीतांमुळेच तिचे मन प्रार्थनेत रमते. तिच्या भक्तीविषयी मला तिळमात्र शंका नाही. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) सूचना मागवल्या आहेत. आवडीनिवडीच्या पलीकडचा एखादा निकष सांगता येईल का?

प्रतिसाद १ (अहिल्यानगर)

मी उपासनेत पेटी वाजवतो, त्यामुळे माझा ओढा कुणीकडे आहे हे उघड आहे. तरीही माझा निकष वाद्याचा नसून मंडळी गाते की नुसती ऐकते, हा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत मोठ्या ताकदीने रुजवले. त्यांच्या आधीही देशी चालींवर गीते रचणारे होते, परंतु टिळकांच्या रचनांमुळे ती वाट प्रशस्त झाली. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी ती उचलायची असल्यामुळे, ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही पूर्ण सहभाग मिळत असे.

आता एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. ध्वनिमुद्रित गीताची पट्टी त्या गायकाच्या गळ्याला सोयीची असते आणि आपली मुले तीच पट्टी जशीच्या तशी उचलतात. काळी पाचमध्ये (पेटीवरच्या उंच पट्टीत) सुरू केलेले गीत अंतऱ्याला वरच्या षड्जाच्या पुढे गेले की पुरुषांच्या रांगा गप्प होतात. तेच गीत काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत घेतले, तर मागच्या बाकांवरूनही आवाज येतो. ड्रम ठेवा, पण मंडळीचा आवाज मंडळीलाच ऐकू आला पाहिजे. ज्या रविवारी तो ऐकू येत नाही, त्या रविवारी आमची पेटीसुद्धा चुकलेलीच असते.

प्रतिसाद २ (वसई)

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न थोडा वेगळ्या रूपात येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होत असे. परिषदेनंतर ती लोकभाषेत आली आणि मराठी गीतांना वेदीजवळ स्थान मिळाले. उपासनेविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले असले, तरी पवित्र कार्याला साजेशी आणि भाविकांच्या उन्नतीस पोषक ठरणारी अन्य वाद्येही चालतील असे म्हटले आहे. म्हणजे गिटारला दार बंद नाही.

वरील प्रतिसादाशी मात्र मी पूर्णपणे सहमत नाही. सर्वांनी गाणे हाच एकमेव निकष मानला, तर गायकवृंदाने गायचे आणि बाकीच्यांनी अंतःकरणपूर्वक ऐकायचे, अशा गीतांना जागाच उरणार नाही. ऐकणे हीदेखील उपासनाच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कम्युनियननंतर (प्रभुभोजनानंतर) दोन-तीन मिनिटे शांतता हवी असते, आणि तिथेच गीताचे कडवे पुन्हा पुन्हा आळवले जाते. गीत कोणते, यापेक्षा ते उपासनेच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ३ (मुंबई)

मी युवक संघाच्या बाजूने लिहीत आहे. आम्ही हिंदी गीते निवडतो त्यामागे मराठीविषयी अनास्था नाही. त्या गीतांचे कॉर्ड (गिटारवर साथीला वाजवायचे स्वरसमूह) आणि ध्वनिमुद्रण सहज मिळते, तर आमच्या गीतपुस्तकात केवळ शब्द आहेत आणि चाली ज्येष्ठांच्या मुखात आहेत. आमच्या मंडळीतील एका आजींनी शनिवारच्या सरावाला येऊन काही चाली शिकवल्या, आम्ही त्या मोबाइलवर मुद्रित केल्या आणि कॉर्ड बसवले. आता ती गीते गिटारवर वाजतात. ताईंनी मुलीसोबत एखाद्या सरावाला अवश्य जावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पट्टी उतरवावी आणि प्रभुभोजनाच्या वेळी ड्रम थांबवावेत, या दोन सूचना मी पाळकांना लेखी देत आहे. सरावाला मी येत्या शनिवारी जाईन. परंतु मराठी उपासनेत निम्मी गीते तरी मराठी असावीत, हा माझा आग्रह कायम आहे, आणि तोही त्याच पत्रात लिहिणार आहे.