निरोगी माणसाला संशोधनात कशासाठी बोलावतात?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. मी एका सहकारी बँकेतून नुकताच निवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. गेल्या आठवड्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी आमच्या सोसायटीत आल्या होत्या. यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांच्या क्षमतेवर त्यांचा प्रबंध चालू आहे. त्यासाठी ज्यांनी मागावर किंवा सूतगिरणीत कधीही काम केलेले नाही, जे विडी-सिगारेट ओढत नाहीत आणि ज्यांना दम्यासारखा विकार नाही, अशा माणसांचा एक गट त्यांना हवा आहे. एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे आणि एक प्रश्नावली भरायची, एवढेच काम आहे. मोबदला नाही, रिक्षाभाडे मिळेल. माझे नाव त्यांनी ‘निरोगी स्वयंसेवक’ या रकान्यात लिहून घेतले.

घरी सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “काही दुखत नसताना दवाखान्याची पायरी कशाला चढायची? आणि दम कामगारांना लागतो, तर तुम्ही फुंकून त्यांचे काय भले होणार?” मला उत्तर देता आले नाही. भरीस भर म्हणजे माझा तेवीस वर्षांचा भाचा गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरात जाऊन एका गोळीच्या चाचणीसाठी चार दिवस राहून आला. त्याला बऱ्यापैकी पैसे मिळाले, आणि त्याच्याही कागदावर ‘निरोगी स्वयंसेवक’ हेच शब्द आहेत. बहिणीला तेव्हापासून झोप नाही. आम्ही मामा-भाचे एकाच प्रकारच्या गोष्टीत सापडलो आहोत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

छातीचा डॉक्टर

वहिनींचा प्रश्न रास्त आहे. या अभ्यासात आपले काम मापाचे आहे. समजा, पन्नास वर्षांच्या आणि साडेपाच फूट उंचीच्या एका कामगाराने पहिल्या सेकंदात अडीच लिटर हवा बाहेर टाकली. हा आकडा कमी आहे की ठीक आहे, हे नुसत्या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही, कारण फुप्फुसाची क्षमता वय, उंची, स्त्री-पुरुष भेद आणि माणसाची जडणघडण यांनुसार बदलते. त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या, पण सुताच्या धुळीत न राबलेल्या माणसाचा आकडा शेजारी ठेवला, तरच कामगाराच्या आकड्याला अर्थ येतो.

आपण म्हणाल की अशी मापे पुस्तकात असतीलच. आहेत, पण ती उसनी आहेत. 2012 साली 26 देशांतील 3 ते 95 वर्षे वयाच्या 74,187 निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या लोकांच्या फुंकरींवरून जगभरासाठी समीकरणे तयार करण्यात आली. त्यात चार वंशगटांसाठी स्वतंत्र मापे दिलेली होती: गोरे, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आशियाई आणि आग्नेय आशियाई. आपला भारतीय उपखंड त्या चारांत नव्हता. आपल्याकडील निरोगी माणसाची फुप्फुसक्षमता तेवढ्याच उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा सरासरीने कमी भरते. त्यामुळे युरोपीय माप लावले तर धडधाकट सोलापूरकर आजारी ठरतो, आणि अंदाजाने काही टक्के वजा करून माप खाली आणले तर खरोखरच दम लागणारा कामगार ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवला जाण्याची भीती असते. म्हणून याच गावात वाढलेला, हाच उन्हाळा सोसणारा निरोगी माणूस लागतो. (रस्त्यावरची धूळ दोन्ही गटांच्या नाकातोंडात सारखीच जाते, हा आपल्या शहराने संशोधनाला दिलेला हातभार समजावा.)

भाच्याची गोष्ट वेगळी आहे. ती बहुधा जैवसमतुल्यता चाचणी असावी. एखाद्या औषधाचे पेटंट संपले की इतर कंपन्या तीच गोळी बनवतात. मात्र नव्या कंपनीच्या गोळीतील औषध मूळ गोळीइतकेच आणि तितक्याच वेगाने रक्तात उतरते, हे त्यांना दाखवून द्यावे लागते. दोन्ही गोळ्यांच्या रक्तातील प्रमाणांचे गुणोत्तर, त्याच्या 90 टक्के विश्वासमर्यादेसह (म्हणजे मोजणीतील अनिश्चितता धरून), 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसावे लागते. हे रुग्णांवर करायला गेले तर कोणाचे यकृत थकलेले असते, कोणाची आणखी चार औषधे चालू असतात, आणि गोळ्या-गोळ्यांमधला बारीक फरक त्या गोंधळात दिसेनासा होतो. म्हणून निरोगी माणूस घेतात आणि त्यालाच मध्ये काही दिवस जाऊ देऊन दोन्ही गोळ्या देतात, म्हणजे तो स्वतःच स्वतःचे माप होतो. औषध बहुतेक वेळा अनेक वर्षे वापरात असलेले असते आणि त्याचे दुष्परिणाम ठाऊक असतात.

खरी काळजी करावी असा प्रकार तिसराच आहे, तो म्हणजे माणसाच्या शरीरात पहिल्यांदाच जाणारे औषध. मार्च 2006 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाच्या आवारात टीजीएन 1412 नावाचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचे औषध सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ टोचण्यात आले. थोड्याच तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते आणि त्यांचे अवयव निकामी होऊ लागले होते. चाचणीतील ज्या आणखी दोघांना औषधाऐवजी निव्वळ द्रव दिला होता, तेवढेच ठीक राहिले. सहाही जण वाचले. त्यानंतर नव्या औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देऊन थांबण्याची काळजी घेतली जाऊ लागली. तरीही जानेवारी 2016 मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशाच चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. तेव्हा भाच्याला एवढेच विचारावे की गोळी जुनी होती की पहिल्यांदाच माणसाला दिली जात होती. त्याला हे सांगता येत नसेल, तर त्याने न वाचता सही केली आहे.

पूर्वविभागकर

डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलेल्या दुसऱ्या, म्हणजे भाच्याच्या प्रकारात मी स्वतः तीनदा जाऊन आलो आहे, म्हणून लिहितो. आमचा टॉवेलचा कारखाना मंदीत बंद पडला तेव्हा गल्लीतला एक मित्र घेऊन गेला. कंपनीचे नाव लिहीत नाही.

आदल्या संध्याकाळी आत घेतात, झडती होते, मोबाईल जमा होतो, मनगटावर क्रमांकाची पट्टी बांधतात. रात्रीच्या जेवणानंतर दहा तास उपास. सकाळी कोपराच्या आतल्या बाजूला सुई बसवून ती चिकटपट्टीने पक्की करतात, म्हणजे प्रत्येक वेळी नवे टोचावे लागत नाही. मग घड्याळ बघून, मोजलेल्या 240 मिलिलिटर पाण्याबरोबर गोळी देतात आणि लगेच एक बाई टॉर्च घेऊन तोंड उघडायला, जीभ वर करायला, गालाच्या आत बघू द्यायला सांगतात. गोळी लपवून नंतर थुंकणारे लोक असतात, त्यावरचा हा उपाय. त्यानंतर चार तास अन्न नाही. सुरुवातीला थोड्या-थोड्या मिनिटांनी रक्त, मग तासांनी. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा क्रमांक पुकारला की डोळे न उघडताच हात पुढे करायचा.

आता कबुली. दोन चाचण्यांमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवावे असे तिथे सांगितले होते. मी दुसरीनंतर पाचच आठवड्यांनी दुसऱ्या शहरातल्या तिसऱ्या चाचणीला गेलो आणि ‘यापूर्वी कोठेही भाग घेतलेला नाही’ यावर सही केली. घरभाडे थकले होते, एवढेच कारण. माझ्या रक्तात आधीचे काही शिल्लक होते की नाही, मला माहीत नाही. पण डॉक्टरसाहेबांनी ‘स्वतःच स्वतःचे माप’ असे लिहिले ते वाचून लाज वाटली, कारण ते माप मी खोटे करून आलो. शिवाय इतक्या लवकर पुन्हा रक्त दिल्यामुळे हिमोग्लोबिन किती उतरले होते, ते पुढे सिव्हिलमध्ये कळले.

दुसरे असे की त्या ताईंच्या अभ्यासाबद्दल मला एक शंका आहे. माझ्या वडिलांनी दम लागू लागल्यावर अठ्ठेचाळीसाव्या वर्षीच माग सोडला. ते आता अशोक चौकाजवळ एका दुकानाच्या ओट्यावर बसून असतात. त्या ताई कारखान्यात जाऊन कामगार मोजणार असतील, तर वडील त्यांना सापडणारच नाहीत. तिथे सापडतील ते टिकलेले लोक.

छातीचा डॉक्टर

पूर्वविभागकर, आपण सहज लिहून गेलात, पण या विषयातील सर्वांत अवघड अडचणीवर नेमके बोट ठेवले आहे. तिला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. आजारी माणूस काम सोडून जातो, मागे उरलेले तुलनेने तंदुरुस्त असतात, आणि मग कारखान्यातील आकडे बाहेरच्यांइतकेच बरे दिसून धूळ निर्दोष ठरते. उपाय कष्टाचा आहे: माग सोडून गेलेल्यांना घरोघरी जाऊन शोधणे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारात सुरुवातीला छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते, म्हणून प्रश्नावलीत आठवड्याच्या वारांचा प्रश्न असतो. तो वडिलांना विचारून पाहा, आणि त्या विद्यार्थिनींना ही शंका अवश्य कळवा.

आपल्या कबुलीबद्दल एवढेच म्हणतो की एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी नाव नोंदवू शकतो, हा दोष त्या व्यवस्थेचाही आहे.

प्रयुक्त क्र. 12

मी मानसशास्त्र शिकवते. आमच्याकडे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात, आणि आमचा प्रयुक्त जवळजवळ नेहमीच निरोगी व बहुतेकदा विद्यार्थी असतो. 2010 साली हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायान या तिघांनी दाखवून दिले की मानसशास्त्रीय अभ्यासांतील 96 टक्के प्रयुक्त ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील असतात, त्यांची लोकसंख्या जगाच्या अवघी 12 टक्के आहे. म्हणजे ‘माणसाचे मन’ या मथळ्याखाली आपण जे वाचतो, ते पुष्कळदा अमेरिकेतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे मन असते.

आमच्या प्रात्यक्षिकांत म्युलर-लायर भ्रम असतो, म्हणजे सारख्याच लांबीच्या दोन रेषा लहान-मोठ्या दिसण्याचा भास. लाकडी उपकरणावर बाणांची टोके आत व बाहेर वळलेल्या दोन रेषा असतात आणि प्रयुक्ताने सरकपट्टी हलवून त्या सारख्या करायच्या असतात. विद्यार्थी दरवर्षी चुकतात, आम्ही दरवर्षी सरासरी दोष काढतो, आणि हा डोळ्यांचा सार्वत्रिक गुण आहे असे वहीत लिहितो. पण 1966 साली प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या समाजांतील लोकांवर केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांना एक रेषा सुमारे एक पंचमांशाने लांब करावी लागली, तर कलहारी वाळवंटातील सान लोकांना हा भ्रम जवळजवळ झालाच नाही. निरोगी दोघेही, मग ‘नॉर्मल’ कोणाला म्हणायचे? आपल्या भागापुरते सांगायचे तर कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कानडी व मराठी रूपांतर करून ती इकडच्याच मुलांवर प्रमाणित केली, तेव्हा कुठे आपल्या मुलांना आपले माप मिळाले. ती शेकडो मुले निरोगी स्वयंसेवकच होती, फक्त त्यांना तसे कोणी म्हटले नाही.

मला खरे तर ‘स्वयंसेवक’ या शब्दातील ‘स्वयं’विषयी बोलायचे आहे. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत प्लेग चालू असताना हाफकीन यांनी आपली लस 10 तारखेला स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे म्हणतात. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्याच्या स्वेच्छेचे वजन किती धरायचे? आमच्या वर्गात कुलूप नसते, पण अंतर्गत गुण माझ्या हातात असतात, आणि ‘कोण तयार आहे?’ असे मी विचारले की चाळीस हात वर होतात. म्हणून यंदापासून माझ्या संशोधनासाठी मी माझ्या वर्गातील विद्यार्थी घेत नाही. काम त्यामुळे रखडले आहे. भाचा पैशासाठी गेला यात मला गैर वाटत नाही, त्याचा वेळ आणि रक्त दोन्ही त्याचेच आहेत. पण रक्कम इतकी मोठी असू नये की पूर्वविभागकरांसारख्या सरळ माणसाला खोटी सही करावीशी वाटेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही रोख हाच आहे.

जुळेसोलापूरकर

सर्वांचा आभारी आहे. सौभाग्यवतींना पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ‘माप’ हा शब्द त्यांना पटला, आता त्या मला मापटे म्हणतात.

भाच्याशी फोनवर बोललो. गोळी रक्तदाबाची होती आणि बाजारात बरीच वर्षे आहे, असे तो म्हणाला. परंतु संमतिपत्राची प्रत त्याच्याकडे नाही, आणि तो कागद मराठीत होता की हिंदीत हेही त्याला आठवत नाही. नंतर काही त्रास उद्भवला तर काय करायचे?

छातीचा डॉक्टर

संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत असणे आणि त्याची प्रत त्याला मिळणे हा त्याचा हक्क आहे. त्याने आजच लेखी मागणी करावी. 2019 च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे, आणि गंभीर घटना 24 तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक व नैतिकता समिती या तिघांना कळवावी लागते. त्या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि निम्मे सदस्यही बाहेरचे असतात. तिचा संपर्क संमतिपत्रावर छापलेला असतो, म्हणून तर प्रत हवी. आपल्या फुंकरीच्या अभ्यासात औषध नसले तरी नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. ती आहे का, हे विचारायला संकोच करू नये, आणि मधूनच नको वाटले तर कारण न देता उठून यावे.

फुंकायला जाताना आधी दोन तास जड जेवण टाळावे आणि पट्टा सैल ठेवावा. सर्दी-खोकला झाला असेल तर पुढची तारीख मागून घ्यावी. नाकाला चिमटा लावतील. छाती भरून श्वास घेऊन एकदम जोरात सोडायचा आणि ‘अजून, अजून’ असे ओरडत राहतील तोवर थांबायचे नाही. किमान तीन वेळा तरी करायला लावतील. कवळी असेल आणि ती घट्ट बसत असेल तर काढू नये, काढली की ओठ नळीभोवती नीट मिटत नाहीत.