मदत हवी आहे: जर्मनीत कोर्ससाठी पगारी रजा मागितली, साहेब म्हणतात स्वतःच्या सुट्टीतून घ्या

नमस्कार मंडळी,

मी पावणेतीन वर्षांपासून ड्युसेलडॉर्फमध्ये एका मालवाहतूक कंपनीत प्लॅनिंगचं काम करते. कंपनीत साधारण १४० माणसं आहेत. कामाची भाषा कागदोपत्री इंग्रजी, पण प्रत्यक्षात जर्मन. सोमवारच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं सगळे माझ्यासाठी इंग्रजीत बोलतात. एकदा वाद पेटला की जर्मन सुरू होतं आणि मी डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला कानावर पडतील ते शब्द लिहीत बसते. मागच्या महिन्यात 'लीफरफेरत्सूग' हा एकच शब्द चार वेळा लिहिला होता. घरी येऊन पाहिलं तर अर्थ 'डिलिव्हरीला उशीर'. उशीर माझ्याच ट्रकांना झाला होता, आणि बैठकीत मी त्यावर एक शब्द बोलले नव्हते. त्या रात्री झोप लागली नाही.

जर्मनची बी१ ही मधली पातळी झाली आहे, पुढची बी२. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे शहराच्या प्रौढशिक्षण केंद्रात, बी२ चा आठवडाभराचा कोर्स आहे. १० नोव्हेंबरपासून सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते दुपारी ३. तो 'बिल्डुंग्सउरलाउब' म्हणून मान्यताप्राप्त आहे, म्हणजे शिक्षणासाठीच्या पगारी रजेत बसतो. मी २२ सप्टेंबरला सहीचा अर्ज आणि कोर्सचं मान्यतापत्र एचआरला दिलं. आज १६ ऑक्टोबर. लेखी उत्तर काहीच नाही. साहेब चहाच्या मशीनपाशी एवढंच म्हणाले, "नाताळचा माल येतोय, आत्ता कसं जमेल? आणि भाषा शिकायची तर स्वतःच्या सुट्टीतून शिक."

माझे प्रश्न: भाषेचा कोर्स या रजेत खरंच बसतो का? मी ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर आहे, मला हा हक्क आहे का? आणि साहेबांचं तोंडी 'नाही' हे 'नाही' धरायचं का? वर्षाच्या सुट्टीतले उरलेले आठ दिवस आईबाबांसाठी राखून ठेवलेत, जानेवारीत त्यांच्याकडे जायचं आहे. ते मोडायचे नाहीत.

राइनकाठ: ताई, आधी एक सांगा. अर्जाची पोच घेतलीत का? बाकी सगळं त्यावर ठरणार.

धागाकर्ती: हो. एचआरमधल्या बाईंनी माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून सही केली. बाबांनी लहानपणापासून सवय लावली आहे, पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

राइनकाठ: मग बाबांना आजच फोन करून सांगा. आता नीट वाचा. मी कोलोनला आठ वर्षं आहे आणि ही रजा चार वेळा घेतली आहे.

आपल्या राज्यात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, हा कायदा १९८५ पासून लागू आहे. नोकरीला सहा महिने झाले की वर्षाला पाच दिवस मिळतात, पूर्ण पगारी, आणि ते वार्षिक सुट्टीतून कापले जात नाहीत. दोन वर्षांचे एकत्र करून दहाही घेता येतात. कोर्सची फी मात्र आपली आपण भरायची. नोकरीशी संबंध असेल तर टॅक्स रिटर्नमध्ये खर्च म्हणून दाखवा. पासपोर्ट कुठला आणि व्हिसा कुठला याचा इथे संबंध नाही, तुम्ही कर्मचारी आहात एवढं पुरे. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीत हा हक्क नसतो, तो प्रश्न तुमच्याकडे नाही.

अर्ज किमान सहा आठवडे आधी द्यावा लागतो. तुमचे सात आठवडे होतात. नाकारायचं तर कंपनीने तीन आठवड्यांच्या आत, लेखी, कारण देऊन नाकारायला हवं. तसं झालं नाही तर रजा मंजूर धरली जाते. तुमचे तीन आठवडे १३ ऑक्टोबरला संपले. चहाच्या मशीनपाशी बोललेलं यात धरत नाहीत.

भाषेबद्दल: नोकरीत उपयोगी पडणारं शिक्षण यात बसतं, आणि ज्या भाषेत तुमची बैठक चालते ती उपयोगी नाही असं कोण म्हणेल? तुमचा तो लीफरफेरत्सूगचा प्रसंगच पुरावा आहे.

इझारकाठचा: मी म्युनिकचा. हे वाचून वाईट वाटतं, कारण आमच्या राज्यात, बायर्नमध्ये, असा कायदाच नाही. मागच्या वर्षी मी हाच कोर्स स्वतःच्या सुट्टीतून केला. घर कुठल्या राज्यात आहे हे बघत नाहीत, नोकरी कुठल्या राज्यात आहे ते बघतात. ज्यांना हक्क आहे त्यांनी तो सोडू नये.

नागपूरकर काका: इकडची गोष्ट सांगतो. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. आमच्यात अध्ययन रजा असते, पाच वर्षं सेवा झाल्यावर, सबंध नोकरीत जास्तीत जास्त २४ महिने. परत येऊन तीन वर्षं नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, मध्येच सोडली तर पैसे व्याजासकट परत. मी ती घेतली नाही, साहेब नाराज होतील म्हणून. निवृत्तीनंतर आजही खंत वाटते. पोरी, घाबरू नकोस.

राइनकाठ: काकांशी सहमत. पण ताई, कायदा बाजूने आहे म्हणून १० तारखेला न सांगता गैरहजर राहू नका. नाताळच्या मालाची अडचण खरी असू शकते. ती आधीच लेखी मांडली असती तर त्यावर बोलता आलं असतं, आणि त्या कारणाने नाकारलेली रजा पुढच्या वर्षात गेली असती. आता सौम्य शब्दांत दोन ओळींचं पत्र द्या: अर्ज २२ सप्टेंबरला दिला, मुदतीत लेखी नकार आला नाही, म्हणून कायद्याप्रमाणे रजा मंजूर समजून कोर्सला जात आहे. सोबत त्या आठवड्यात तुमची कामं कोण बघेल हेही लिहा. आणि पत्र देण्याआधी बेट्रीब्सराटकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवडलेल्या समितीकडे जा. तुमच्या कंपनीत आहे ना?

धागाकर्ती: आहे. कधी गेले नव्हते, माझं जर्मन अपुरं पडेल असं वाटायचं. आज दुपारी गेले. अर्ध्या खुणा, अर्धं जर्मन. त्यांनी शिक्क्याची तारीख पाहिली, कॅलेंडरवर बोटाने तीन आठवडे मोजले आणि सोमवारी माझ्याबरोबर एचआरकडे यायचं कबूल केलं. पत्राचा मसुदा आज रात्री लिहिते. राइनकाठ दादा, टाकण्याआधी जर्मन एकदा तपासून द्याल का? ट्रकांचं वेळापत्रक लावून देण्याबद्दल माझ्या टीममधल्या मुलाशी बोलले, तो हो म्हणाला आहे.

राइनकाठ: पाठवा. नऊनंतर मोकळा आहे.