रुग्णांच्या नातेवाइकांच्या अन्नछत्राला शिधाभांडार आणि मदतकक्ष जोडावा का?

प्रश्न : मेडिकल परिसरातील स्वयंसेविका

नमस्कार. आमच्या वस्तीतील काही कुटुंबे मिळून आम्ही गेली तीन वर्षे नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या) परिसरात रोज संध्याकाळी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देत आहोत. भरती झालेल्या रुग्णाला रुग्णालयाचे जेवण मिळते. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला मात्र आपली सोय आपणच पाहावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाट, सिवनी या भागांतून आलेली ही माणसे कधी पंधरा-पंधरा दिवस व्हरांड्यात काढतात, आणि खिशातले पैसे औषधाला पुरावेत म्हणून सर्वांत आधी स्वतःच्या जेवणाला फाटा देतात. वरण, भात, एक भाजी आणि पोळी अशी सुमारे दीडशे ताटे रोज लागतात.

अलीकडे या पंगतीला आजूबाजूच्या वस्त्यांमधील एकटे वृद्ध आणि काम सुटलेले मजूरही येऊ लागले आहेत. त्यांना एका वेळच्या ताटापेक्षा घरी शिजवता येईल असा शिधा अधिक उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते. शिवाय वाढताना माणसे बोलतात. कोणाला शस्त्रक्रियेचा खर्च कोणत्या योजनेत बसतो ते विचारायचे असते, कोणाचे निराधार अनुदान थांबलेले असते. त्यांना उत्तर देईल असे आमच्यात कोणीच नाही. आमच्यातील काहींचे म्हणणे असे की, आता आधार किंवा शिधापत्रिका पाहून नोंद केल्याशिवाय ताट देऊ नये, कारण तीच तीच माणसे येतात. मला ते मनापासून पटत नाही, पण त्याला खोडून काढणारे ठोस उत्तरही सुचत नाही. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : अन्नछत्राचे स्वयंपाकघर सांभाळणारा, इतवारी

ताई, आधी कागदपत्रांविषयी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदानाचे मंडप लागतात, ताजबागेत लंगर चालतो, गुरुद्वारात पंगत बसते; यांपैकी कोठेही ताट पुढे करणाऱ्याला कागद मागितला जात नाही. याच शहरात वाढलेल्या आपण वेगळा नियम करण्याचे कारण मला दिसत नाही. तीच तीच माणसे येतात, हे तर त्यांची गरज अजून संपलेली नाही याचे लक्षण आहे. नोंद हवीच असेल तर संख्येची ठेवावी : आज किती ताटे गेली, किती लहान मुले होती, किती जण परत गेले. तेवढ्यावर उद्याचा तांदूळ ठरतो.

शिध्याची बाब निराळी आहे. तो महिनाभराचा असतो आणि साठा मर्यादित असतो, म्हणून तेथे कुटुंबातील माणसे किती आणि घरात चूल किंवा गॅस आहे का, एवढे विचारणे रास्त ठरते. व्हरांड्यात राहणाऱ्या माणसाच्या हाती कच्चे तांदूळ दिले तर त्याने ते शिजवावेत कोठे? त्याला मुरमुरे, फुटाणे, गूळ, केळी असे न शिजवता खाता येणारे द्यावे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी चारला उतरवलेला भात झाकून ठेवला तर साडेसातपर्यंत तो बिघडायला लागलेला असतो. त्याला वास येतोच असे नाही, हेच त्यातले भय आहे. शिजवलेले अन्न एक तर 60 अंशांच्या वर गरम असावे किंवा 5 अंशांच्या खाली थंड. मधल्या कोमट अवस्थेत जंतू झपाट्याने वाढतात, आणि भातातील काही जंतूंचे बीजाणू तर शिजवूनही मरत नाहीत. म्हणून आम्ही उन्हाळ्यात भाताचा एकच मोठा गंज न चढवता दोन लहान गंज चढवतो, आणि दुसरा पहिली पंगत बसल्यावरच उतरवतो. दीडशे माणसांना साधारण पंधरा किलो तांदूळ आणि सहा किलो तुरीची डाळ लागते. ती दोन खेपांत शिजवायला मदतनीस एकच जास्त लागतो. उन्हाळ्यात आम्ही खोबरे किंवा दही घातलेले काहीही करत नाही. लग्नाच्या हंगामात मंगल कार्यालयांतून उरलेले अन्न घ्या म्हणून फोन येतात. उरलेल्या अन्नाच्या संकलनासाठी व वाटपासाठी 2019 चे स्वतंत्र केंद्रीय विनियम आहेत, ते एकदा वाचून घ्यावेत. किती वाजता शिजवले हे सांगू न शकणाऱ्याचे अन्न मी स्वतः घेत नाही, मग ते कितीही चांगले दिसो. नाही म्हणताना वाईट वाटते. पण आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यालाच जुलाब लागले, तर त्या रुग्णाकडे पाहायला दुसरे कोणी नसते.

उत्तर : पुरवठा विभागातून निवृत्त, मानेवाडा

शिधाभांडारात काय ठेवावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे बहुतेक मंडळे पैसा चुकीच्या ठिकाणी घालतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे ज्याच्याकडे पत्रिका आहे, त्याच्या घरी गहू-तांदूळ बहुधा असतो. नसते ते तुरीची डाळ, तेल, तिखट-मीठ, चहा-साखर आणि साबण. आपले भांडार या वस्तूंनी भरावे. धान्य फक्त पत्रिका नसलेल्यांसाठी राखावे.

बाहेरगावाहून आलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. 2022 पासून सर्व राज्यांत ‘एक देश, एक रेशन कार्ड’ लागू आहे, त्यामुळे धानोऱ्याचा किंवा बालाघाटचा माणूस नागपुरातील रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो, आणि उरलेले गावाकडच्या कुटुंबाला तेथे उचलता येते. दीर्घ उपचारासाठी मेडिकलजवळ खोली घेऊन राहणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते. दुकानदार नाही म्हणाला, तर एखादा स्वयंसेवक सोबत गेला तरी पुष्कळ फरक पडतो.

मदतकक्षासाठी वकील किंवा तज्ज्ञ शोधत बसू नका. एक टेबल, एक वही आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणत्या खिडकीवर जायचे हे जाणणारी एक व्यक्ती एवढे पुरते. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतो. मध्य प्रदेशातील रुग्णाकडे आयुष्मान कार्ड असेल, तर योजनेशी जोडलेल्या येथील रुग्णालयात ते चालते. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1,000 रुपये झाली आहे. ती खात्यात येत नसेल, तर बँकेचा तपशील नोंदला गेला आहे का ते आधी पाहावे. सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहार मिळतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा क्रमांक 15100 आहे, आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा 14567. हे सर्व मोठ्या अक्षरांत एका फलकावर लिहा, आणि मराठीसोबत हिंदीतही लिहा.

कक्षाचे टेबल रांगेच्या तोंडाशी मात्र ठेवू नका. ते हात धुण्याच्या जागेजवळ, म्हणजे जेवण झाल्यावर माणूस जेथे थांबतो तेथे असावे. आधी ठेवले, तर लोकांना ती जेवणाची अट वाटते.

उत्तर : भंडारा जिल्ह्यातून

मी अशा पंगतीत जेवलेली आहे. सासऱ्यांना घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयात एकवीस दिवस होतो. पहिल्या दिवशी एका ठिकाणी मला आधार मागितले आणि ताट देताना फोटो काढला. त्या लोकांनी मनात वाईट आणून ते केले नसेल, परंतु मी दुसऱ्या दिवशी तेथे गेले नाही. बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढला. पुढे दुसऱ्या एका जागी वाढणाऱ्या मावशींनी फक्त एवढे विचारले, “पेशंटसाठी डब्यात वरण न्यायचे आहे का?” त्या प्रश्नाने मला रडू आले. त्यानंतर मी त्यांना सगळे सांगितले, आणि योजनेचा अर्ज कोठे करायचा हे मला त्यांच्याकडूनच कळले. ताई, फोटो काढू नका, एवढी माझी विनंती आहे.

उत्तर : संस्थांचे हिशेब पाहणारा, धंतोली

दोनच मुद्दे मांडतो. मोफत वाटप असले, तरी अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील (एफएसएसएआयची) नोंदणी करून घ्यावी; हा वर आलेल्या रेशनच्या कायद्यापेक्षा वेगळा कायदा आहे. लहान स्वयंपाकघरांसाठी तिचे वार्षिक शुल्क 100 रुपये आहे. देणगीदारांना प्राप्तिकरात 80जी ची सवलत हवी असेल, तर संस्था नोंदणीकृत आणि त्या कलमाखाली मान्यताप्राप्त असावी लागते. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर आणि वस्तुरूपाने दिलेल्या धान्यावर ही सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. भंडाऱ्याच्या ताईंचा अनुभव मी काल रात्री बैठकीत वाचून दाखवला आणि त्यानंतर आधारचा विषय कोणीही पुन्हा काढला नाही. ताटाला कोणतीही अट राहणार नाही, आणि फोटो बंद. शिधा पहिल्या महिन्यात फक्त वीस घरांना, डाळ, तेल आणि साबणाचा, देऊन पाहू. टेबल हात धुण्याच्या नळाजवळ लावणार आहोत, आणि तेथे बसण्यासाठी आमच्यातील एक निवृत्त परिचारिका तयार झाल्या आहेत. मानेवाड्याच्या काकांना विनंती आहे की, फलकाचा मजकूर लावण्यापूर्वी त्यांनी तो एकदा नजरेखालून घालावा. दोन गंजांची सूचना तर आम्ही आजपासूनच अमलात आणली आहे.