मदत हवी आहे: बोर्ड असेंब्ली विकसनशील देशात हलवताना ओलावा आणि विजेचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या कंट्रोलर बोर्डांची असेंब्ली एका विकसनशील देशातल्या कारखान्यात हलवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तिथली माणसं हुशार आहेत, काम पटकन उचलतात. अडतंय ते भोवतालच्या गोष्टींवर.

सगळ्यात जास्त धास्ती दमट हवेची. एमएसएल ३ चे (ओलाव्याला किती नाजूक, या श्रेणीत तिसऱ्या पातळीचे) आयसी, म्हणजे चिप, ओलावारोधक पाकीट फोडल्यावर १६८ तासांत सोल्डर व्हायला हवेत, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या मर्यादेत. एसी बंद पडला की हे गणितच कोलमडतं. रिफ्लोमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये सोल्डर वितळवताना, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन आयसी तडकतो, आणि ती चीर बऱ्याचदा बाहेरून दिसतही नाही. ओलावा घालवायला पुन्हा १२५ अंशांवर बेक करावं तर आयसी ज्या प्लास्टिकच्या रीलवर येतात तिला ते सोसत नाही. अशा वेळी ड्राय कॅबिनेटवर (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटावर) भागतं का?

दुसरं, वीज गेल्यावर ओव्हनमधले बोर्ड आतच भाजत राहतात. यूपीएसवर नुसता कन्व्हेयर चालवून ते बाहेर काढणं पुरेसं आहे, की पंखेही जोडावेत?

सुटे भाग सगळे आयातीचे. एक साधा रेझिस्टर कस्टम्समध्ये अडकला तरी लाइन ठप्प होते. साठा किती ठेवता? ज्यांनी अशी लाइन प्रत्यक्ष उभी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.